मेणातील जंतू आणि अडल्या शेळ्यांचा नवस

वाचकांस सविनय विदित करण्यात येते की, पुढील पृष्ठांत जी हकीगत येणार आहे ती अद्याप घडलेली नाही. परंतु ती घडण्यास आता फार विलंब लागेल असे वाटत नाही. तीत एक यंत्र आहे, एक सूक्ष्म जंतू आहे, एक सासू व एक सून आहे. यंत्राने जंतू कसा ओळखला हे आरंभी सांगेन, आणि ओळखल्यानंतर त्या दोघींच्या मायेची कशी परीक्षा झाली हे तद्नंतर सांगेन. ज्या माउलींनी आपले अपत्य उदरातच गमावले असेल, त्यांनी ही कथा वाचताना कोठेही स्वतःस दोष देऊ नये, एवढी प्रार्थना करून मी कथेस प्रारंभ करतो.

इसवी सन दोन हजार एक्केचाळीस. त्या साली आपल्या राज्यातील तालुक्याच्या रुग्णालयांत एक नवे यंत्र आले होते. आकाराने ते प्रेशर कुकरएवढे होते व त्याचे नाव होते 'जंतुवाचक'.

हे यंत्र काय करीत असे, ते समजून घेणे अगत्याचे आहे. गर्भपात होतो तेव्हा बहुतेक वेळा गर्भाच्याच घडणीत काही चूक असते आणि निसर्ग तो गर्भ पुढे वाढू देत नाही. परंतु काही स्त्रियांच्या बाबतीत गर्भ निर्दोष, गर्भाशय निर्दोष, रक्त निर्दोष, आणि तरीही पोट पडते. अशा वेळी डॉक्टर मंडळी 'कारण अज्ञात' असे लिहून स्वाक्षरी करीत. वास्तविक त्यांतील काहींच्या मागे जंतूंचा संसर्ग असे. मात्र कित्येक जंतू असे विलक्षण आहेत की प्रयोगशाळेतील बशीत त्यांना कितीही खाद्य घातले तरी ते वाढतच नाहीत. ते जिवंत पेशीच्या आत शिरून बसतात. शिपायाने गल्लीतील प्रत्येक दार वाजवावे आणि चोर घरमालकाच्याच कपाटात पाय पोटाशी घेऊन बसलेला असावा, तसा हा प्रकार होय.

जंतुवाचकाने दारे वाजविण्याचे सोडून दिले. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याची स्वतःची एक लिपी असते. तीस डीएनए म्हणतात. हे यंत्र वारेच्या, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या पिशवीलगतच्या मांसल भागाच्या, एका कणात जेवढ्या लिपी असतील तेवढ्या सर्व वाचून काढी. त्यांतील मनुष्याची लिपी बाजूस सारी व उरलेल्या ओळी ज्ञात जंतूंच्या संग्रहाशी ताडून पाही. आता, जंतू सापडला म्हणजे तोच अपराधी असे म्हणता येत नाही. तो येता-जाता चिकटलेलाही असू शकतो. म्हणून जेथे जंतू आहे तेथेच वारेला सूज आहे काय, आणि मातेच्या रक्तात त्याच्याशी झालेल्या झुंजीच्या खुणा आहेत काय, हेही पाहिले जाई. सर्व जुळले तरच यंत्र नाव उच्चारी.

आणि येथूनच मोठा प्रश्न उद्भवला. गर्भपातानंतर तपासणीस पाठविलेला वारेचा तुकडा रुग्णालये मेणाच्या ठोकळ्यात बसवून वर्षानुवर्षे जपून ठेवीत असत. जंतुवाचकाला हे जुने मेणही वाचता येऊ लागले. ज्या स्त्रिया रडून शांत झाल्या होत्या त्यांच्या घरचे फोन वाजू लागले. "कारण सापडले आहे. ऐकायचे आहे का?" असे प्रथम विचारावे, असा नियम होता. कोणी प्रश्न पुरा होण्याआधीच 'हो' म्हणे. एकीने सांगितले, "माझी धाकटी आता दहावीला आहे. मला त्या दिवसांत परत नेऊ नका." एका नवऱ्याने परस्पर 'नको' म्हणून फोन ठेवला, तेव्हापासून फक्त त्या स्त्रीलाच विचारावे असा आणखी एक नियम झाला.

असा एक फोन धाराशिव जिल्ह्यातील परंडा भागात, कांदळवस्ती नावाच्या लहानशा वस्तीवर, शिवकन्या नामक विवाहितेस आला.

शिवकन्या ही बार्शीच्या एका शिंप्याची कन्या. लग्नाआधी तिला शेळी शिंगे उगारील या विचारानेही धडकी भरे. तीन वेळा तिचे पोट पडले होते, आणि फोन आला तेव्हा ती चौथ्यांदा गर्भवती होती. ही गोष्ट तिने पती रामलिंग याच्याखेरीज कोणासही सांगितली नव्हती. सांगितले की दृष्ट लागते असे नव्हे. परंतु सांगितले की पुढे पोट पडल्याचेही सांगावे लागते, हा तिचा अनुभव होता.

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर नसीमा काझी यांनी दोघांना समोर बसविले. रक्त तपासून झाले होते. पोटावर यंत्र फिरवून बाळाचे ठोकेही ऐकवून झाले होते.

"ठोके छान आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "आता जुनं ऐकायचं का?"

"सांगा मॅडम. न ऐकून तरी कुटं झोप लागतीया," शिवकन्या म्हणाली.

"दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळच्या मेणात एकच जंतू सापडला. कॉक्सिएला त्याचं नाव. तुमच्या आजच्या रक्तातही त्याच्या खुणा आहेत. हा शेळ्या-मेंढ्यांत असतो. शेळी व्याली की तिच्या वारेत, पाण्यात तो अगणित असतो. तेच वाळून धुळीत मिसळतं आणि श्वासावाटे माणसात जातं. शेळीला पुष्कळदा काही होत नाही, माणसालाही नुसता ताप येऊन जातो. पण गरोदर बाईच्या वारेत तो ठाण मांडू शकतो. घरी शेळ्या आहेत?"

रामलिंग अभिमानाने पुढे सरकला. "घरच्या दोनच हायत. पण मॅडम, हिच्या हाताला गुण हाय. आख्ख्या वस्तीत कुणाचीबी शेळी अडू द्या, हीच मोकळी करती. आजूबाजूच्या वाड्यांवरनं गाडी घिऊन येतेत न्यायला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गरोदर असतानाही?"

"तवा तर जास्तीच," शिवकन्या हळूच म्हणाली.

"हातमोजे?"

"न्हाई. मोज्यातनं कळत न्हाई, आत करडाचा पाय हाय का मान हाय."

मग शिवकन्येने विचारले, "आन् पहिल्या वारी?"

"पहिल्या वेळचा तुकडा कुणी ठेवलेला नाही. त्याबद्दल मला काहीच सांगता येणार नाही. पहिल्यांदा असं होतं तेव्हा बहुधा कुणामुळेच झालेलं नसतं."

"पहिल्या वारी मी शेळीला हात लावत नव्हते मॅडम," ती म्हणाली. "त्याच्यानंतर लावाय लागले." आणि एवढे बोलून ती थांबली, कारण आपण काय बोललो ते तिचे तिलाच तेव्हा उमगले.

वाचकहो, येथे नवसाची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पहिले पोट पडले तेव्हा शिवकन्येची सासू द्वारकाबाई ही येरमाळ्याच्या डोंगरावर येडाईच्या दर्शनास गेली होती, आणि सुनेला न विचारता तिने देवीपुढे शब्द दिला होता: 'माझ्या घरात पाळणा हलेपतूर माझी सून कुणाच्याबी अडल्या शेळीला न्हाई म्हणणार न्हाई. मुक्या आयांची ती सुटका करील, तिची तू कर.' द्वारकाबाईंनी हे स्वार्थाने केले नव्हते. सून रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असे. तिला उठवून उभे करील असे काहीतरी काम त्यांना हवे होते. आणि खरोखरच पहिले ओले करडू तळहातावर फुरफुरले त्या दिवशी शिवकन्या कित्येक दिवसांनी हसली होती. तिच्या हाताला गुण आहे असे लोक म्हणू लागले. ज्या सुनेला हळदीकुंकवास टाळले गेले असते तिला लोक सन्मानाने दारी बोलावू लागले. प्रत्येक करडामागे दोघींना वाटे की आपले मूल एक पाऊल जवळ आले.

ते पाऊल नेमके कोणत्या दिशेने पडत होते, ते आता यंत्राने सांगितले.

डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत दररोज घ्यावयाच्या गोळ्या दिल्या व एकच अट घातली: व्यायला आलेल्या शेळीच्या आसपासही जावयाचे नाही. घरच्या दोन शेळ्या रामलिंगाने दुसरीकडे हलवाव्यात, असेही सुचविले. घरातील अन्य कोणास प्रसंग पडला तर असावेत म्हणून हातमोज्यांचा खोका व मुखपट्ट्याही दिल्या.

परतीच्या वाटेवर रामलिंगाने मोटारसायकल एका रसवंतीपाशी उभी केली. चरकाची घुंगरे वाजत होती.

"आईला सांगायचं न्हाई," तो म्हणाला.

"मग शेळ्यांना न्हाई कशी म्हणू? काय सांगू, आवडत न्हाईत?"

"हात मुरगळला म्हण. पट्टी बांधू. महिना-दोन महिनं निभतंय."

"आन् पोट दिसाय लागल्यावर? पोटाला बी पट्टी बांधू का?"

"आगं, तू तिला वळखत न्हाईस का? 'माझ्या बोलण्यानं माझी नातवंडं गेली' असं तिला कळलं तर ती जेवायची न्हाई."

शिवकन्येने रसाचा पेला तसाच खाली ठेवला. "आवं, गेली ती माझी बी लेकरं हुती. मी जेवतेच की."

रामलिंगाने रसाचे पैसे चुकते केले आणि दोघांनी औषधांच्या दुकानातून ताणाची पट्टी विकत घेतली. घरच्या शेळ्या चाऱ्याचे निमित्त करून चुलतभावाच्या शेतावर गेल्या.

खोटेपणाचे एक लक्षण असे आहे की, ज्याच्यावर माया आहे त्याच्यासमोर तो फार महाग पडतो. द्वारकाबाईंनी सुनेचा हात पाहताच हळद-तुरटीचा लेप शिजवावयास घेतला. रोज सकाळी त्या पट्टी सोडीत, लेप लावीत आणि पुन्हा बांधीत.

"आत्या, ऱ्हाऊ द्या की. बरं वाटतंय." त्या भागात सासूला 'आत्या' म्हणण्याची रीत आहे.

"बरं वाटतंय तर मूठ कर."

"दुखतंय."

"काल हितं दुखत हुतं, आज तिकडं दुखतंय. दुखणं हाय का पावणा? रोज येगळ्या घरी जेवतोय!" असे म्हणून द्वारकाबाई हसत, परंतु लेप लावण्यात हयगय करीत नसत. शिवकन्या त्या मायेच्या बोटांकडे पाही आणि मान फिरवी. शेळीवाले येत आणि पट्टी पाहून हळहळत माघारी जात. एकाची शेळी दगावली. त्याने तसे सांगितले नाही. परंतु वस्तीवर अशा गोष्टी न सांगताच कळतात.

सुमारे एक महिन्याने, सकाळी भाकरी थापण्याच्या वेळी, समोरच्या मथुराकाकू धावत आल्या. मथुराकाकू या विधवा होत्या व शेळ्यांवर त्यांचा चरितार्थ होता.

"शिवकन्ये, चल बाई! ठिपकी अडली. डोकं भाईर आलंय आन् पुढं सरकंना. जीब काळी पडली करडाची!"

"काकू, माझा हात..."

"डाव्या हातानं कर!" द्वारकाबाई चुलीपाशी उभ्या राहिल्या. "येक हात हाय की धड."

"आत्या, मला न्हाई जमायचं."

द्वारकाबाईंनी मथुराकाकूंना "तू हो पुढं, पाणी तापव" म्हणून वाटेस लावले आणि सुनेजवळ येऊन आवाज खाली केला. "तुला दिवस गेलेत. मला काय कळंना व्हय? सकाळी फोडणीच्या वासानं नाक धरतीस, गोळ्या पदराआड गिळतीस. सांगितलं न्हाईस, मी बी इचारलं न्हाई. पण म्हणूनच सांगते पोरी, आत्ता न्हाई म्हणू नकोस. येडाईला शब्द दिलाय. आता मोडला तर ह्या लेकरावर येईल गं. हात जोडते तुला."

आणि खरोखरच त्या पीठ लागलेल्या हातांनी सुनेस हात जोडू लागल्या.

वाचकहो, विचार करावा. ज्या बालकाच्या रक्षणासाठी ही वृद्ध होत चाललेली स्त्री हात जोडीत होती, त्याच बालकाला ती संकटाच्या दारी नेत होती, आणि हे केवळ सुनेला ठाऊक होते. बोलावे तर सासूचे काळीज फाटणार. न बोलावे तर पाऊल उचलावे लागणार. समोरच्या गोठ्यातून ठिपकीचे ओरडणे येत होते.

शिवकन्येने पट्टी सोडली. लेपाचे पिवळे पापुद्रे जमिनीवर पडले. तिने उजवी मूठ उघडून मिटून दाखविली.

"हाताला काय झालेलं न्हाई, आत्या. जायचं नव्हतं म्हणून बांधला हुता." आणि मग मेण, यंत्र, जंतू, दुसरे बाळ, तिसरे बाळ, डॉक्टरांनी दिलेले मोजे, हे सारे तिने एका दमात सांगून टाकले. शब्द गाळला नाही की सौम्य केला नाही. तशी सवड नव्हती.

द्वारकाबाईंनी जमिनीवर पडलेले लेपाचे पापुद्रे पाहिले. "म्हंजी दोन लेकरं माझ्या नवसानं खाल्ली?"

"जंतूनं खाल्ली. तुमाला ठावं नव्हतं."

"तुला ठावं हुतं. महिनाभर! मला खुळीवानी हळद लावू दिलीस."

"कसं सांगू?"

"तोंडानं सांगायचं! मी काय वाघ हाय?" द्वारकाबाई ओरडल्या, आणि ओरडता ओरडता मटकन खाली बसल्या. "त्या यंत्राचं खोटं बी आसंल. यंत्र म्हंजी काय देव हाय?"

"न्हाई. देव असतं तर पहिल्या बाळाचं बी सांगितलं असतं. त्याचं ठावं न्हाई म्हणतंय. जे ठावं हाय तेवढंच बोलतंय, म्हणून मी ऐकलं त्याचं."

गोठ्यातून पुन्हा ओरडणे आले, या वेळी बारीक. द्वारकाबाईंनी पदराने तोंड पुसले. दुःख करण्यास आयुष्य होते. ठिपकीला तेवढे नव्हते. त्या उठल्या.

"ते मोजं कुटं ठिवलंत म्हणालीस?"

"आत्या, तुम्ही कधी केलं न्हाई."

"नवस माझ्या तोंडचा हाय. सुनंचा हात दिईन म्हणाले हुते. आता माझा घे म्हणीन. येडाईला हात म्हंजी हातच."

"तुमाला बी ताप येऊ शकतो."

"येऊ दे. माझ्या पोटात काय हाय आता, भाकरीशिवाय? तू धाब्यावर चढ. लांबनं सांग काय करू ते."

वारा घराकडून गोठ्याच्या दिशेने वाहत होता, हे शिवकन्येने आधी माती उधळून पाहिले आणि मगच ती धाब्याच्या, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छताच्या, कडेला उभी राहिली. पलीकडच्या अंगणात द्वारकाबाई तोंडाला पट्टी व हातात निळे मोजे चढवून शेळीच्या मागे बसल्या होत्या. मथुराकाकू शेळीचे डोके धरून होत्या.

"आत्या, किती पाय भाईर हायत?"

"येकच!"

"दुसरा आत दुमडलाय. डोकं हळूच मागं ढकला."

"भाईर आलेलं आत ढकलू? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"ढकला म्हणते ना! कळ नसल जवा तवा ढकला."

"गेलं! आता?"

"बोटं खाली सरकवा. गुडघा लागंल."

"लई काय काय लागतंय बाई हितं... लागला! लागला गुडघा!"

"तिथनं खुरापतूर जावा. खूर तळहातात झाकून घ्या, न्हाईतर आत फाटंल. झाकून वर आणा."

"मथुरे, तू कशाला रडतीस? शेळी तरी गप हाय."

"आला का पाय?"

"आला!"

"आता कळ आली की दोनी पाय धरून खालच्या अंगाला वढा. वर न्हाई, खाली!"

वस्तीतील माणसे भिंतींवरून पाहू लागली होती. एक सून धाब्यावरून आज्ञा करीत आहे आणि तिची सासू खाली ती पाळीत आहे, असे दृश्य त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. कळ आली. द्वारकाबाईंनी ओढले, आणि काळे, चमकदार, निपचित करडू त्यांच्या मांडीवर पडले.

"हलंना गं!"

"नाक पुसा! काडीनं नाकात गुदगुली करा! चोळा, जोरात चोळा!"

मथुराकाकूंनी कडब्याची काडी दिली. करडू शिंकले. द्वारकाबाई त्या शिंकेने दचकून मागे पडल्या आणि तेथेच बसून मोठ्याने रडू लागल्या. त्या कोणासाठी रडत आहेत, हे खालच्या कोणासही कळले नाही. धाब्यावर उभ्या असलेल्या एका स्त्रीस मात्र कळले.

त्यानंतर जनावरांचे डॉक्टर वस्तीवर आले. मथुराकाकूंनी दारात आडवे होऊन सांगितले, "माझी शेळी न्यायची असंल तर मला बी न्या." परंतु शेळ्या न्यावयाच्या नव्हत्या, केवळ तपासावयाच्या होत्या. काहींच्या रक्तात जंतू सापडला. व्यायला आलेल्या शेळ्यांसाठी वस्तीबाहेर वेगळा गोठा झाला. वार कुत्र्यांपुढे टाकण्याऐवजी लोक ती चुन्यासह खोल पुरू लागले.

आणि द्वारकाबाईंनी एक निर्णय परस्पर घेतला. तो कोणी त्यांस सांगितला नव्हता. त्या आपले अंथरूण घेऊन त्या बाहेरच्या गोठ्यालगतच्या खोलीत राहावयास गेल्या. वस्तीवर अडलेली प्रत्येक शेळी आता त्या सोडवीत, आणि सुनेच्या अंगणाच्या कुंपणापलीकडे उभ्या राहून बोलत.

"जेवलीस का?"

"जेवले. आत्या, आंघोळ करून आत आलं तर चालतंय, मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमला काय म्हाईत माझ्या लुगड्यात किती धूळ बसतीया. गोळी खाल्लीस?"

"खाल्ली."

"दाव पाकीट."

शिवकन्या लांबूनच रिकामे झालेले पाकीट वर धरून दाखवी. सासू डोळे बारीक करून पाही आणि मान हलवून निघून जाई. पूर्वी एका ताटात जेवणाऱ्या त्या दोघींमध्ये आता एक कुंपण होते. परंतु त्याला दुरावा म्हणणे मला योग्य वाटत नाही.

यथाकाल शिवकन्या तालुक्याच्या रुग्णालयात प्रसूत झाली. कन्या झाली. डॉक्टर काझी यांनी वारेचा कण जंतुवाचकात घातला; यंत्राने बराच वेळ घेतला आणि कोणतेही नाव उच्चारले नाही. औषधाने आपले काम केले होते.

रामलिंग आईस आणावयास बाहेर गेला. द्वारकाबाई व्हरांड्याच्या अगदी टोकाला, खांबापाशी बसल्या होत्या. नवे लुगडे, केस ओले, हात घासून घासून लाल झालेले.

"आई, चल की आत. पोरगी झाली."

"ऐकलं मी रडणं. खणखणीत हाय." त्या जागच्या हलल्या नाहीत. "मॅडमला बोलीव आधी."

डॉक्टर आल्या. द्वारकाबाईंनी बाही वर सारून दंड पुढे केला.

"माझं रगत त्या यंत्रात घाला. त्यानं हो म्हटलं तर शिवते. न्हाई म्हटलं तर हितनंच बगून जाते."

"अहो द्वारकाबाई," डॉक्टर त्यांच्या शेजारी बसत म्हणाल्या, "हा जंतू असा आजीच्या हातून बाळाला जात नाही. तुम्ही धुतलेल्या हातांनी खुशाल घ्या. यासाठी यंत्राला विचारायची गरज नाही."

"मागं बी मी कुणाला न इचारताच केलं हुतं मॅडम. ते चांगल्यासाठीच केलं हुतं."

डॉक्टर काझी यांनी अनेक स्त्रियांना अनेक कारणे सांगितली होती. परंतु येथे सांगणे सुनेचेच आहे, हे त्यांनी ओळखले. त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळाने व्हरांड्यात पावले वाजली. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकीत, शिवकन्या स्वतः चालत आली होती. तिच्या छातीशी दुपट्यात गुंडाळलेले मूल होते व मागे परिचारिका रागावत येत होती.

"आत्या, हात पुढं करा."

"नगं गं. माझं हात..."

"तुमच्या हाताला काय झालंय? मुरगळलाय का?"

परिचारिकेला यात हसण्यासारखे काय होते ते समजले नाही. पण त्या दोघी हसल्या, आणि हसता हसता द्वारकाबाईंचे हात आपोआप पुढे आले. शिवकन्येने मूल त्यांत ठेवले. कितीतरी ओली, निसरडी करडे त्या हातांनी गेल्या काही महिन्यांत झेलली होती. बोटे सवयीने मानेखाली गेली, तळवा पाठीखाली गेला.

द्वारकाबाईंनी वजन तोलून पाहिले आणि आश्चर्याने सुनेकडे मान वर केली.

"करडापरीस जड हाय गं!"

येथे ही कथा पूर्ण झाली. ज्या वाचकांनी आपल्या कामातून वेळ काढून ती शेवटपर्यंत वाचली त्यांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. कथेत विज्ञानाच्या बाजूने काही उणे राहिले असल्यास जाणकारांनी क्षमा करावी, आणि घरात कोणी गरोदर असल्यास तिच्या वाट्याचे शेळीचे काम आपण स्वतः करावे, एवढीच विनंती.

आपला नम्र,
हरिश्चंद्र बापूराव वाघमोडे